‘गुन्ह्याला वय नसतं’ याच्या पुढे अकरावीच्या वर्गाला कसं न्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा. शहादा तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात नव्याने मराठी शिकवणाऱ्या सरांनी अकरावीला ‘अल्पवयीन गुन्हेगारांना प्रौढांसारखी शिक्षा व्हावी का?’ हा वैचारिक निबंध दिला. बहुतेक वह्यांत एकच मजकूर आला: गुन्ह्याला वय नसतं, कायद्याचा धाक उरला नाही, फाशी द्या. उरलेल्यांनी मुलं निरागस असतात असं लिहून विषय मिटवला. मुद्देसूद, कारणं देणारा निबंध कसा लिहून घ्यायचा, आणि ‘कोर्टकचेरीचा विषय वर्गात नको’ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना काय सांगायचं, असं ते विचारतात.

सर, तुम्ही दिलेले उतारे चोपड्यात, अमळनेरात, साक्रीत, कुठल्याही वर्गात सापडतील. मुलं आळशी आहेत म्हणून असं होत नाही. प्रश्न इतका मोठा आहे की टीव्हीवर ऐकलेल्या वाक्यांखेरीज त्याला दुसरं उत्तर सुचत नाही. आज कायद्यात काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने तो बदलावा की ठेवावा यावर लिहायचं कसं? म्हणून निबंध आठवडाभर बाजूला ठेवा आणि पहिले दोन तास नुसता कायदा शिकवा. तुमच्या वर्गातली मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत. ज्या वयावरून संसदेत वाद झाला ते वय त्यांचंच आहे. एवढं सांगितलं तरी मागच्या बाकावरची मुलं सरसावून बसतात.

वैचारिक निबंध शिकवताना मी मुलांना निकालपत्र लिहायला लावते. अल्पवयीन मुलांवरच्या आरोपांचा निकाल करणाऱ्या बाल न्याय मंडळात तिघं बसतात: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्या दोघांत एक तरी स्त्री. मुलाला त्यातल्या एका खुर्चीत बसवायचं. त्या खुर्चीतल्या माणसाला ‘धाक उरला नाही’ एवढं बोलून उठता येत नाही. दोन्हीकडचं ऐकावं लागतं, एका बाजूने ठरवावं लागतं आणि का ठरवलं ते लिहून खाली सही करावी लागते. तुमच्या मुलांचं मत कडक असो की मऊ, ते बदलणं हे आपलं काम नाही. मुलांना सौम्य करायला म्हणून हा विषय घेतला, तर त्यांना ते लगेच कळतं आणि ती आपल्याला आवडेल ते लिहून देतात. कडक शिक्षेच्या बाजूने लिहिलेला निबंधही उत्तम असू शकतो. कारणं मात्र त्याची स्वतःची हवीत.

आता कायदा. फळ्यावर काय लिहायचं ते सांगते. ‘बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५’ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण त्यात बालक. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या बालकाला २४ तासांच्या आत मंडळापुढे न्यावं लागतं, लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. कलम १२ प्रमाणे जामीन देणं हा नियम आहे. तो नाकारायचा तर बाहेर गेल्यावर मूल ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा सुटकेने न्यायाचा हेतूच फसेल, असं मानायला आधार लागतो. गुन्ह्यांचे तीन वर्ग आहेत: किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. ज्या गुन्ह्याला कायद्यात कमीत कमी सात वर्षांची शिक्षा सांगितलेली आहे तो निर्घृण. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तरच कलम १५ लागतं. मग मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. असा गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणामांची समज होती का, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे पाहतं. त्यावरून प्रकरण स्वतःकडे ठेवायचं की बाल न्यायालयाकडे पाठवायचं ते ठरतं. मंडळाकडेच राहिलं तर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवून शिक्षा दिली, तरी एकवीस वर्षांपर्यंत त्याला तुरुंगात न ठेवता सुरक्षित स्थानी ठेवतात आणि एकवीस झाल्यावर तो किती सुधारला ते पुन्हा तपासतात. कलम २१ सांगतं की फाशी नाही आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही.

हे सगळं मुलांनी वहीत उतरवून घ्यावं. छापील कागद वाटू नका, हाताने लिहू द्या. लिहिता लिहिताच प्रश्न निघतात. ‘फाशी द्या’ लिहिणाऱ्या मुलाला तेव्हा कळतं की त्याला आधी कलम २१ बदलायला सांगावं लागेल. अठराखालच्यांना फाशी देऊ नये हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतही आहे आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली आहे, त्याचंही उत्तर त्याला द्यावं लागेल. त्याने ते जरूर द्यावं. पण आपण काय मागतोय हे माहीत असून मागावं.

या कायद्याचा अलीकडचा इतिहास गोष्टीसारखा सांगा, कारण इथे दोन्ही बाजूंना विचारी माणसं होती. १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी मर्यादा सोळा होती, मुलींसाठी अठरा. २००० च्या कायद्याने दोघांना अठरा केली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला आणि त्यातल्या सहा आरोपींपैकी एक अठराच्या आतला निघाला. त्याला तेव्हाच्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त शिक्षा झाली, तीन वर्षं. देश संतापला. तरीही त्या घटनेनंतर कायद्यात बदल सुचवायला नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वयोमर्यादा खाली आणू नये असंच म्हटलं. संसदेने मात्र डिसेंबर २०१५ मध्ये सोळा ते अठराचा वेगळा गट करणारा आजचा कायदा मंजूर केला, आणि तोही तो मुलगा सुटला त्याच आठवड्यात. घाईत, संतापात केलेला कायदा चांगला असतो का, की लोकांच्या दुःखाला संसदेने दिलेलं ते योग्य उत्तर होतं? या एका प्रश्नावर माझ्या वर्गात सबंध तास गेलेला आहे आणि घंटा झाल्यावरही मुलं भांडत होती.

मग प्रश्न लहान करा. ‘शिक्षा व्हावी का’ असं विचारण्याऐवजी असं काही द्या: कलम १५ ची मर्यादा सोळाच ठेवावी, अठरा करावी की चौदावर आणावी? गुन्हा घडून काही आठवडे गेल्यावर केलेल्या मूल्यांकनातून त्या दिवशीची समज कळते असं मानावं का? (सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की मंडळात मानसशास्त्राचा जाणकार सदस्य नसेल तर या कामात तज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे. हा मुद्दा दोन्ही बाजूंना वापरता येतो.) अल्पवयीन मुलाने गाडीने अपघात केला तर गाडी देणाऱ्या पालकाला तुरुंगवास योग्य आहे का? असे प्रश्न आले की ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ने सुरू होणारा परिच्छेद आपोआप गळतो.

एक तास वयाला द्या. तो आपल्या शाळांच्या फार जवळचा विषय आहे. आरोपी किती वर्षांचा हे ठरवताना कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल तर नगरपालिका, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. म्हणजे आपल्या जनरल रजिस्टरमधली तारीख पहिली. आता तुमच्या मुलांना घरी जाऊन आईवडील, आजीआजोबा, काका यांच्या दाखल्यांवरच्या जन्मतारखा बघून यायला सांगा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर १ जूनची रांग लागते. पोरगं शाळेत घालायच्या वेळी गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तारीख आहे ती. आता हे पुष्कळ कमी झालं, पण धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर, तोरणमाळच्या बाजूला जन्माची नोंद वेळेवर न झालेली मुलं अजूनही शाळेत येतात. गुन्ह्याच्या दिवशी वय सोळाला पाच दिवस कमी की पाच दिवस जास्त, यावर मुलाची पुढची वर्षं ठरणार असतील आणि ती तारीखच अंदाजाने टाकलेली असेल, तर मंडळाने काय करावं? या प्रश्नावर मुलं जे लिहितात ते कुठल्याही गाइडमध्ये मिळत नाही, कारण पुरावा त्यांच्या घरच्या पेटीतून आलेला असतो. ठरावीक वयाची रेघ हवीच, नाहीतर प्रत्येक प्रकरणात मनमानी होईल, असं म्हणणारी मुलंही निघतात, आणि त्यांचं म्हणणं तितकंच भक्कम असतं.

लिहिण्याआधी बोलू द्या, आणि ज्या भाषेत ती घरी भांडतात त्या भाषेत बोलू द्या. प्रमाण मराठीत बोल म्हटलं की निम्मा वर्ग गप्प होतो, आणि जो बोलतो तो निबंधातलीच वाक्यं बोलतो. अहिराणीत तसं होत नाही. गाडीच्या अपघाताची चर्चा चालू असताना एक मुलगी उठून म्हणाली, “गाडी कोनी दिन्ही? बापनी दिन्ही. मंग पोऱ्याले काबर धरतस?” (मग पोराला का धरता?) तीन छोटी वाक्यं, आणि त्यात दावा आहे, पुरावा आहे, प्रतिप्रश्नही आहे. मी ते तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला विचारलं, हिच्या बाजूने कायदा आहे का? आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९९-अ घातलं गेलं. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. आता पुढची पायरी: हे असूनही मुलाची स्वतःची जबाबदारी शून्य होते का? त्या मुलीने विचार केला आणि आपल्या म्हणण्याला मर्यादा घातली. बापाने किल्ली दिली असेल तर बाप आधी. मुलाने लपवून नेली असेल तर वेगळं. मर्यादा घालता येणं हे निबंधाच्या दृष्टीने सगळ्यात अवघड काम, आणि तिला ते बोलताना जमलं. मग फक्त ते मराठीत उतरवायचं राहिलं.

पहिल्या खर्ड्यात अहिराणी, भिल्ली, पावरी शब्द आले तर लाल पेन लावू नका. मुलाचा युक्तिवाद जागेवर बसला की भाषा दुसऱ्या खर्ड्यात सुधारता येते. उलट क्रमाने गेलात तर शुद्धलेखन सुधारतं आणि विचार बंद पडतो.

आता नंदुरबार जिल्ह्यात तुम्ही हा विषय घेतलात तर एक मुद्दा हमखास येईल, त्याची तयारी ठेवा. कुणीतरी म्हणेल, “सर, शिरीषकुमार पंधरा वर्षांचे होते. तिरंगा हातात घेऊन गोळ्यांसमोर उभे राहिले. त्या वयात एवढी समज होती, मग सोळाव्या वर्षी खून करणाऱ्याला समज नव्हती असं कसं म्हणता?” हा मुद्दा कच्चा नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या चौकात इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मारले गेले, ते या मुलांच्या जिल्ह्यातलं आहे, आणि त्या पोराने वापरलेलं उदाहरण अगदी त्याचं स्वतःचं आहे. ‘तो विषय वेगळा’ म्हणून झटकू नका. वर्गालाच विचारा, वेगळा आहे का, आणि असेल तर कशाने?

माझ्या अनुभवात उत्तर तीन दिशांनी येतं. काही मुलं म्हणतात की योग्य-अयोग्य कळणं आणि ऐन क्षणी स्वतःला आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे तुम्ही मानसशास्त्राची भर घाला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी किशोरवयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. शांत बसून, वेळ घेऊन विचार करायचा असेल तर सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुलांची क्षमता मोठ्यांच्या बरोबरीला येते. पण राग, घाई, थरार अशा वेळी स्वतःला थांबवण्याची ताकद विशीत जाईपर्यंत पक्की होत राहते. शेजारी मित्र असले की किशोर जास्त धोका पत्करतात, हेही त्यांच्या प्रयोगांत दिसलं. दुसरी मुलं उलट म्हणतात, की मग ठरवून, दिवसचे दिवस आखून केलेल्या गुन्ह्याला ही सवलत का? तो तर शांत डोक्याने केलेला असतो. फार चांगला प्रतिवाद आहे हा, आणि कलम १५ मधल्या ‘कोणत्या परिस्थितीत घडला’ या शब्दांशी तो थेट जुळतो. तिसरी दिशा एका शांत मुलाने दाखवली होती: शिरीषकुमारांना आपण मोठं मानतो, कारण त्या वयाच्या मुलाकडून एवढी अपेक्षाच नसते. सगळी पंधरा वर्षांची मुलं तशी असती तर आपण त्यांचं स्मारक बांधलं नसतं. या एका चर्चेतून कुणाला कडक बाजूचा निबंध मिळाला, कुणाला मऊ बाजूचा, आणि एकालाही वाक्य उसनं घ्यावं लागलं नाही.

पुण्याचं प्रकरणही येईलच. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या आलिशान कारने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, असा आरोप झाला. काही तासांत जामीन झाला आणि त्याच्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. ‘निबंध’ शब्द आला की वर्ग तुमच्याकडे बघणार. मुलांचा राग खरा आहे, तो दाबू नका. आपल्या पोरांना दोन मृत्यूंचं काही वाटत नसतं तर मला जास्त काळजी वाटली असती. फक्त रागाला पुढचे प्रश्न विचारा. प्रौढ म्हणून खटला चालवण्यासाठी गुन्हा निर्घृण वर्गात बसायला हवा. सदोष मनुष्यवधाच्या कलमात कमाल शिक्षा मोठी आहे, पण किमान सात वर्षांची अट नाही, आणि असे गुन्हे निर्घृण धरता येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलं होतं. जामिनानंतर काही दिवसांतच मंडळाने त्या मुलाला निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) पाठवलं होतं; जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला तिथून सोडायला सांगितलं. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा हा पोलिसांचा अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. हे मांडल्यावर विचारा: चूक मंडळाची, की कायद्यातल्या व्याख्येची, की दोन्हींची? व्याख्या बदलावी असं ज्याला वाटतं त्याने ती कशी बदलावी ते एका वाक्यात लिहून दाखवावं. आणि ‘श्रीमंताचा पोरगा म्हणून सुटला’ असं लिहिणाऱ्याला एवढंच विचारा की गरिबाच्या पोराला हाच जामीन कायद्याने मिळतो, मग न्यायला आईबाप येऊ शकले नाहीत, वकील मिळाला नाही, म्हणून तो आत राहत असेल तर दुरुस्ती कुठे हवी? इथून एकदम वेगळा आणि मोलाचा निबंध निघतो.

लेखनाचं काम जवळून दाखवते. एका वहीतला खर्डा असा होता: “आजकाल अल्पवयीन मुले मोठमोठे गुन्हे करत आहेत. त्यांची संख्या दिवसेंदिवस वाढत आहे. त्यांना कायद्याची भीती राहिलेली नाही. म्हणून त्यांना कठोर शिक्षा झालीच पाहिजे.” मी समासात चुका काढल्या नाहीत, प्रश्न लिहिले. कोणत्या वयाची मुले? कोणते गुन्हे? वाढत आहेत कशावरून? कठोर म्हणजे किती, आणि आज किती आहे? तिसऱ्या खर्ड्यात तो परिच्छेद असा झाला: “सोळा वर्षांखालील मुलाने खून केला तरी त्याला तीन वर्षांहून जास्त काळ विशेष गृहात ठेवता येत नाही. मला ही मुदत अपुरी वाटते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला माणूस मरतो म्हणजे काय ते कळते. पण त्याला मोठ्या कैद्यांत ठेवले तर तो त्यांच्याकडून शिकेल, हे विरोधकांचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून मुदत पाच वर्षे करावी, पण ती विशेष गृहातच असावी आणि दरवर्षी मंडळाने त्याला भेटावे.” त्या मुलाचं मत बदललेलं नाही. तो अजूनही कडक बाजूचा आहे. पण आता त्याच्याशी वाद घालता येतो.

‘मला मान्य आहे’ हे वाक्य आपोआप येत नाही, त्यासाठी एक जुना उपाय करते. विरुद्ध मताच्या दोघांच्या जोड्या लावते. प्रत्येकाने समोरच्याची बाजू आठ-दहा ओळींत लिहायची आणि त्यालाच वाचायला द्यायची. ‘हो, माझं म्हणणं हेच आहे’ असं लिहून त्याने खाली सही केली तरच पुढे जायचं. पहिल्या वेळी जवळजवळ सगळ्यांचे कागद सहीविना परत येतात, कारण समोरच्याची बाजू मुद्दाम पोकळ लिहिलेली असते. दोनतीन फेऱ्या होऊ द्या. यात सबंध तास गेला तरी चालेल. या विषयातला सगळ्यात उपयोगी तास मी हाच मानते.

आकड्यांबद्दल थोडंच. ‘दिवसेंदिवस वाढत आहे’ हे वाक्य दिसलं की राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोचे दोन आकडे फळ्यावर लिहा: अल्पवयीन मुलांनी केल्याचे म्हणून देशभरात नोंदलेले गुन्हे २०२१ मध्ये ३१,१७० आणि २०२२ मध्ये ३०,५५५. म्हणजे कमी झाले. पण लगेच हेही सांगा की दोन वर्षांवरून कल ठरत नाही, आणि नोंदलेला गुन्हा म्हणजे घडलेला प्रत्येक गुन्हा नव्हे. आकडा वापरणाऱ्याने तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे दोन्ही लिहावं, एवढी सवय लागली तरी बारावीपर्यंत पुरते.

आता काळजीची गोष्ट, ती मनापासून सांगते. गावातलं, तालुक्यातलं प्रकरण उदाहरणाला घेऊ नका, कितीही ताजं असलं तरी. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा बाहेर येईल असं काही छापणं किंवा प्रसारित करणं गुन्हा आहे. तोच नियम वर्गात पाळा. तुमच्या साठ-सत्तर मुलांत कुणाचा भाऊ, चुलतभाऊ, शेजारी निरीक्षणगृहात जाऊन आलेला असू शकतो, एखादा स्वतःही असू शकतो, आणि तो हात वर करून सांगणार नाही. ‘अशी मुलं समाजाला लागलेली कीड आहेत’ हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं गेलं तर त्याने कुठे बघायचं? म्हणून निबंध मोठ्याने वाचून घेण्याआधी सगळे स्वतः वाचा. एखाद्याने वहीत घरचं किंवा स्वतःचं काही लिहिलं असेल तर त्या निबंधाला गुण देऊन ठेवा, वही इतरांच्या हाती पडू देऊ नका आणि त्याच्याशी एकट्याने बोला. मदत लागेल असं दिसलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहेत.

दुसरी काळजी जातीजमातीची. ‘त्या लोकांची पोरं तसलीच’ असं वाक्य आपल्या भागात कुणाबद्दल लिहिलं जातं, ते तुम्हाला माहीत आहे. अशा वेळी नुसतं खोडू नका, इतिहास सांगा. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. स्वतंत्र भारताने तो १९५२ मध्ये रद्द केला, म्हणूनच त्या जमाती विमुक्त म्हणवतात. पारधी समाजाची मुलं आजही त्याचं ओझं वाहतात. अठरा वर्षांपर्यंत मुलाचा हेतू वाईट किंवा गुन्हेगारी नव्हता असं धरून चालायचं, हे बाल न्याय कायद्याच्या पहिल्या तत्त्वांपैकी एक आहे, आणि ते कशासाठी लिहावं लागलं हे त्या इतिहासावरून मुलांना समजतं.

बारावीचा वर्ग प्रौढपणे बोलणारा असेल तर पळून जाऊन लग्न करणाऱ्या जोडप्यांचा प्रश्नही घेता येतो. मुलगी सोळाची, मुलगा सतराचा, दोघांचीही मर्जी. तरी पॉक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) अठराखालच्या मुलीची संमती धरत नाहीत आणि शरीरसंबंध आला असेल तर किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे, म्हणजे तो मुलगा थेट निर्घृण वर्गात येतो. निर्घृण म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं, ते इथे हलतं. पण वर्गात तसा विश्वास तयार झालेला नसेल तर हा प्रश्न सोडून द्या.

मुख्याध्यापकांना सांगा की तुम्ही कोर्ट वर्गात आणत नाही, वैचारिक लेखनच शिकवताय आणि त्याला परीक्षेत गुण आहेत. शिवाय शाळांत कायदेविषयक शिबिरं घेणं हे विधी सेवा प्राधिकरणाचं कामच आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. शाळेच्या लेटरहेडवर पत्र दिलं तर वकील येऊन बोलतात, पैसे पडत नाहीत. परिवीक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) बोलावता आलं तर फारच छान, कारण मुलाच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल तेच लिहितात आणि त्या अहवालात कारणं कशी मांडतात ते मुलांना प्रत्यक्ष ऐकायला मिळतं. आणि खानदेशात मुलांना जगाच्या गोष्टींवर लिहायला लावणं नवं नाही. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी स्वतः हाताने लिहून दैनिक काढत असत.

गुण देताना मी भाषेचे आणि युक्तिवादाचे वेगळे धरते. युक्तिवादात चार गोष्टी बघते: भूमिका एका वाक्यात सापडते का, कारण आणि पुरावा त्याच भूमिकेला धरून आहेत का, समोरच्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा घेतलाय का, आणि आपलं म्हणणं कुठे लागू होत नाही ते सांगितलंय का. शेवटची गोष्ट फार थोडे करतात, म्हणून तिला मी जास्त गुण ठेवते. सुविचार, कवितेच्या ओळी, ‘असे मला वाटते’ यांना गुणही नाहीत आणि गुण कापणंही नाही. बोर्डाच्या परीक्षेत वेळ कमी असतो हे खरं. पण ज्याने एकदा असा निबंध तीन खर्डे काढून लिहिला, त्याला परीक्षेत चार परिच्छेद लिहायला घाम फुटत नाही.

नववी-दहावीला शिकवत असाल तर यातलं बरंचसं जड होईल. त्यांना कलम १९९-अ चा एकच प्रश्न द्या. शाळेच्या फाटकाबाहेर लावलेल्या स्कूटी आणि मोटारसायकली आधी सगळ्यांनी मोजून याव्यात, मालक कोण ते विचारू नये, आणि मग लिहावं: गाडी घरून दिली गेली असेल तर शिक्षा कुणाला, किती, आणि का.